गड्ड्यात वाजलं, चार्टवर का नाही? आपटलेल्या गाण्याची तपासणी कशी करायची

गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेत, वाजलेलं गाणं चार्टवर आपटलं की सोलापुरात दोनच कारणं ऐकू येतात. गायक म्हणतो, अल्गोरिदमने मारलं. पैसे घातलेला माणूस म्हणतो, गाण्यातच दम नव्हता. टपरीवरच्या गप्पांना दोन्ही ठीक, पुढच्या गाण्याला उपयोग शून्य. कारण 'आपटलं' या एका शब्दाखाली तीन वेगळे आजार असतात. गाणं लोकांपर्यंत गेलंच नाही. किंवा गेलं, पण लोक थांबले नाहीत. किंवा लोकांनी मन लावून ऐकलं, नाचले, पण ते ऐकणं कुठे मोजलंच गेलं नाही. तिन्हींची लक्षणं वेगळी आणि औषधंही वेगळी. आपल्याकडे तिसरा आजार फार आहे आणि नेमकं त्याच्याकडेच कुणी बघत नाही.

तपासणीला एक संध्याकाळ पुरते. एक्सेलची एक शीट आणि तीन लॉगिन हाताशी ठेवा: यूट्यूब स्टुडिओ, स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स आणि डिस्ट्रिब्युटरचा (गाणं सगळ्या ॲप्सवर पोहोचवणाऱ्या कंपनीचा) डॅशबोर्ड. लॉगिन स्टुडिओवाल्याकडे किंवा एडिटरकडे अडकलेलं असेल तर आधी ते आपल्या नावावर करून घ्या. त्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर तपासणी होत नाही. स्क्रीनशॉट घेणारा नेहमी चांगला दिवस निवडतो.

आधी ठरवा: कुठला चार्ट?

'चार्टवर आलं नाही' म्हणजे नेमकं कुठे आलं नाही, हे लिहून काढा. यूट्यूब आणि स्पॉटिफाय दोघांचा साप्ताहिक चार्ट शुक्रवार ते गुरुवार असा मोजला जातो. यूट्यूबवर गाण्यांची यादी आणि म्युझिक व्हिडिओंची यादी वेगळी असते. गाण्यांच्या यादीत अधिकृत व्हिडिओ, लिरिक व्हिडिओ आणि लोकांनी ते अधिकृत गाणं वापरून केलेले व्हिडिओ अशी सगळ्यांची बेरीज होते, व्हिडिओंच्या यादीत मात्र एकटा व्हिडिओ. 'ट्रेंडिंग' नावाचं जे पान होतं ते यूट्यूबने 2025 मध्ये बंद केलं. तरी पोस्टरवर 'ट्रेंडिंग नंबर वन' छापायची हौस गेलेली नाही.

बाहेरच्या स्टारच्या गाण्यावरून मित्रांत वाद चालू असेल तर नियम आणखी वेगळे. अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट 100 मध्ये स्ट्रीमिंग, विक्री आणि रेडिओ तिन्ही धरतात. त्यामुळे ऑनलाइन जोरात असलेलं गाणं रेडिओने उचललं नाही की तिथे खाली राहतं. ब्रिटनच्या अधिकृत चार्टमध्ये पैसे भरणाऱ्या श्रोत्यांचे 100 स्ट्रीम म्हणजे एक विक्री, फुकट ऐकणाऱ्यांचे मात्र 600. शिवाय 2017 पासून तिथे एका मुख्य कलाकाराची एका वेळी तीनच गाणी पहिल्या शंभरात धरतात. जुनं होऊन उतरणीला लागलेल्या गाण्याला त्याच विक्रीसाठी दुप्पट स्ट्रीम लागतात. अल्बम आला आणि स्टारचं एक सिंगल अचानक यादीतून गायब झालं, तर लोक कंटाळले असं लगेच म्हणू नका. त्याच कलाकाराच्या तीन गाण्यांनी चौथ्याची जागा खाल्लेली असू शकते.

आपल्या गाण्याला यातलं काही लागू नाही. आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रावर गाणं लागलं तर मान मिळतो, ओळख वाढते. स्पॉटिफायचा किंवा यूट्यूबचा आकडा त्याने एकानेही हलत नाही.

शीटमध्ये काय भरायचं

रिलीजपासून पहिले 28 दिवस घ्या. स्पॉटिफायचे रकाने: तारीख, स्ट्रीम, श्रोते, सेव्ह, प्लेलिस्टमध्ये घेतलेलं, आणि स्ट्रीम आले कुठून. यूट्यूबचे: इम्प्रेशन्स (थंबनेल लोकांना किती वेळा दिसलं), क्लिकचं प्रमाण, तिसाव्या सेकंदाला किती टक्के लोक शिल्लक होते, सरासरी किती वेळ बघितलं, ट्रॅफिक कुठून आलं, शहरं. शेजारी आपल्या आधीच्या दोन गाण्यांचे हेच आकडे ठेवा. दुसऱ्याच्या हिट गाण्याशी तुलना केली तर वाईट वाटण्यापलीकडे हाती काही लागत नाही.

मग दोनच भागाकार करा. स्ट्रीम भागिले श्रोते, आणि सेव्ह भागिले श्रोते. समजा पहिल्या गाण्याला 4000 श्रोते, 4400 स्ट्रीम आणि 40 सेव्ह मिळाले. म्हणजे माणशी 1.1 वेळा ऐकलं, शंभरात एकाने जपून ठेवलं. दुसऱ्या गाण्याला 900 श्रोते, 3600 स्ट्रीम, 130 सेव्ह. माणशी चार वेळा, आणि शंभरात चौदा जणांनी जपलं. आकड्यात पहिलं मोठं आहे, सगळे त्याचंच कौतुक करतील. पण दुरुस्त होण्यासारखं गाणं दुसरं आहे. ते फक्त पोहोचलेलं नाही. पहिलं मात्र चार हजार घरी जाऊन आलं आणि बहुतेक घरी दुसऱ्यांदा बोलावलं नाही.

यूट्यूबवर क्लिकचं प्रमाण 2 ते 10 टक्क्यांत असणं साधारण आहे. निम्मे चॅनेल आणि व्हिडिओ याच टप्प्यात येतात, असं यूट्यूब स्वतः सांगतं. इम्प्रेशन्स भरपूर आणि क्लिक दीड टक्का, तर दोष थंबनेलचा आणि नावाचा. इम्प्रेशन्सच नाहीत, तर दोष आधीचा: कुणाला दाखवावं हेच यूट्यूबला कळलेलं नाही.

पोहोचलं नाही: तारखा तपासा

इथे बहुतेक वेळा घाई सापडते. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं असेल तर ते रिलीज व्हायच्या आधीच सुचवता येतं, नंतर नाही. किमान 7 दिवस आधी सुचवलं तर ते आपल्या फॉलोअर्सच्या शुक्रवारच्या 'रिलीज रडार'मध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या यादीत, जातं. वर्णनाला 500 अक्षरं मिळतात. 'सुंदर भावपूर्ण गीत, नक्की ऐका' असं लिहून ती वाया घालवू नका. भाषा, वाद्यं, कुठल्या सणासाठी, कुठल्या गावात आधीपासून वाजतंय, हे लिहा. हलगी आहे तर हलगी म्हणा, 'फोक फ्युजन' म्हणू नका.

सोलापूरचं कॅलेंडर धरून एक हिशेब करू. सिद्धेश्वर यात्रेसाठी गाणं आहे. 13 जानेवारीला 68 लिंगांना तैलाभिषेक, 14 ला संमती कट्ट्यावर अक्षता, पुढे होम. 2027 साली 14 जानेवारीला गुरुवार येतो, म्हणजे चार्टचा आठवडा नेमका अक्षतेच्या दिवशी संपतो. तैलाभिषेक आणि अक्षता एका आठवड्यात, होम आणि नंतरची होम मैदानावरची गर्दी दुसऱ्या आठवड्यात. गाणं यात्रेच्या तोंडावर काढलं, तर ऐकणं दोन तुकड्यांत विभागतं आणि कुठल्याच यादीत पुरेसं साठत नाही. त्याऐवजी शुक्रवार 18 डिसेंबर 2026 धरा. डिस्ट्रिब्युटरकडे फाइल 20 नोव्हेंबरपर्यंत, संपादकांना सुचवणं उशिरात उशिरा 11 डिसेंबरला, खरं तर त्याच्या आठवडाभर आधी. यात्रा येईपर्यंत गाण्याला जवळपास चार आठवडे मिळतात आणि लोकांच्या तोंडी ते बसतं.

हाच हिशेब शिवजयंतीला, 14 एप्रिलच्या भीमजयंतीला, आषाढीला, पूर्व भागातल्या मार्कंडेय रथोत्सवाला, गणपतीला आणि कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांच्या गाण्याला. गणपतीच्या गाण्याचं तर विशेष. लेझीमचा सराव आधीपासून सुरू असतो आणि मंडळाचं गाणं सरावातच ठरतं. प्रतिष्ठापनेच्या आदल्या दिवशी आलेल्या गाण्याला मंडळाच्या यादीत जागा नसते.

नावाची तपासणीही इथेच करा. मोबाईलवर गाणं शोधणारा बहुतेक रोमन लिपीत टाइप करतो. 'सिद्धेश्वर' शब्दात डी एक की दोन, एच एक की दोन, डब्ल्यू की व्ही, यावरून त्याचे सहज पाच-सहा अवतार होतात. शीर्षक देवनागरीत आणि सर्वांत रूढ रोमन स्पेलिंगमध्ये असं दोन्ही द्या, बाकीची स्पेलिंग वर्णनात टाका. नुसतं 'राजा' किंवा 'आई' असं शीर्षक ठेवलं तर शोधात आपला नंबर कधीच लागणार नाही. गायकाचं नाव साधं असेल, तर गाणं त्याच नावाच्या दुसऱ्या कलाकाराच्या पानावर जाऊन बसलंय का, ते बघा. असं होतं, आणि महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून किंवा डिस्ट्रिब्युटरकडून ते हलवून घेता येतं.

पोहोचलं, पण टिकलं नाही: पहिली तीस सेकंदं

स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकल्यावर एक स्ट्रीम धरला जातो. एकोणतिसाव्या सेकंदाला पुढे गेलेला माणूस हिशेबात नाही. आता आपलं गाणं लावा आणि घड्याळ बघा. आधी निर्मात्याचं नाव घोगऱ्या आवाजात, मग शंख, मग संवाद, मग हलगीचा ठेका, आणि शब्द सुरू होतात अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला. मिरवणुकीत हे सगळं शोभतं. तिथे माणूस स्क्रीनवर बोट ठेवून उभा नसतो.

यूट्यूब स्टुडिओत रिटेन्शनचा, म्हणजे लोक कुठवर टिकले त्याचा, आलेख उघडा. पहिल्या दहा सेकंदांत कडा कोसळल्यासारखी रेघ असेल, तर थंबनेलने जे कबूल केलं ते आत नाही. हळूहळू उतरत वीस-तीस सेकंदांना खचत असेल, तर सुरुवात लांबली. मध्येच एका जागी उंचवटा दिसला तर तो भाग लोक मागे जाऊन पुन्हा बघतायत. बहुतेकदा तेच ध्रुवपद असतं, आणि रील्ससाठी तोच तुकडा निवडायचा असतो. डिस्ट्रिब्युटर अपलोडच्या वेळी प्रीव्ह्यू कुठल्या सेकंदापासून घ्यायचा ते विचारतो. तो रकाना रिकामा सोडला की रील बनवणाऱ्याच्या पुढ्यात शंखनाद येतो, आणि तो दुसरं गाणं निवडतो.

उपाय सोपा आहे: दोन आवृत्त्या. ऐकण्यासाठीची साधारण तीन मिनिटांची, पहिल्या 8 ते 10 सेकंदांत गळा सुरू. डॉल्बीसाठीची पाच मिनिटांची, लांब ठेक्याची. दोन्हींना वेगळा आयएसआरसी क्रमांक लागतो. हा 12 अंकाक्षरांचा क्रमांक म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचं आधार कार्ड. लांबी बदलली की क्रमांक बदलतो, डिस्ट्रिब्युटर बदलला तर मात्र बदलायचा नसतो.

आवाजाचंही असंच. डॉल्बीवर छाती हादरावी म्हणून मास्टर (गाण्याची शेवटची तयार फाइल) उणे 6 एलयूएफएसपर्यंत दाबून आणतात. एलयूएफएस हे आवाजाच्या मोठेपणाचं माप. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे 14 वर आणून वाजवतं. म्हणजे आपलं गाणं आठ डेसिबलनी खाली ओढलं जातं. मोठेपणा जातो आणि दाबल्यामुळे आलेला चपटेपणा तेवढा शिल्लक राहतो. पुढच्याचं गाणं मोकळं वाटतं, आपलं डब्यात कोंबल्यासारखं. ऐकण्याच्या आवृत्तीला उणे 14 च्या आसपासचा मास्टर आणि ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत उंच टोक) उणे 1 डेसिबलखाली ठेवा, मास्टर त्याहून मोठा असेल तर उणे 2. आणि मिक्स संपल्यावर स्टुडिओच्या मॉनिटरवर खूश होण्याआधी साध्या मोबाईलच्या स्पीकरवर ऐका. खोल बेस तिथून येतच नाही. ठेका नुसत्या बेसवर उभा असेल तर त्या फोनवर गाण्याला ठेकाच नाही.

ऐकलं, पण मोजलं गेलं नाही

आता मुख्य दुखणं. एखाद्या डॉल्बीवाल्याचा पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून बघा. 'हलगी फायनल', 'हलगी फायनल 2', 'गड्डा न्यू', 'सिद्धेश्वर डीजे मिक्स'. गायकाचं नाव नाही, गीतकाराचं तर प्रश्नच नाही. फाइल यूट्यूबवरून उतरवलेली, मग व्हॉट्सअ‍ॅपवर पन्नास ग्रुपांत फिरलेली. होम मैदानावर पाळण्याशेजारच्या स्पीकरवर ते दिवसात तीस वेळा वाजतं, हजारो माणसं ऐकतात, आणि चार्टच्या दृष्टीने ते घडलेलंच नसतं. पेनड्राइव्हवरचं वाजणं कुठल्याही ॲपला कळत नाही.

रील्सचं गळकं भांडं याहून मोठं. इन्स्टाग्रामवर आपल्या गाण्याचे रील शोधा आणि प्रत्येकाखालच्या ऑडिओच्या नावावर टिचकी मारा. गाण्याचं नाव आणि गायक दिसला तर ठीक. 'ओरिजिनल ऑडिओ' दिसलं तर त्या पोराने मिरवणुकीत मोबाईल धरून आवाज घेतलाय. त्यावर पुढे दोनशे रील बनले तरी बघणाऱ्याला गाण्याचं नाव कळत नाही, आणि नाव कळल्याशिवाय तो यूट्यूबवर शोधणार काय? पहिले पन्नास रील मोजा. त्यात 'ओरिजिनल ऑडिओ' निम्म्याहून जास्त असेल तर आजार इथेच आहे, गाण्यात नाही. रीलचा व्ह्यू स्वतः स्पॉटिफायवरचा स्ट्रीम नसतोच. तो फक्त रस्ता दाखवतो. पाटीच नसेल तर रस्ता कसला?

यूट्यूबवर तिसरी गळती. रीमिक्सवाले आपलं गाणं स्वतःच्या चॅनेलवर टाकतात. कंटेंट आयडी चालू असेल तर यूट्यूब त्या व्हिडिओतलं आपलं गाणं ओळखतं आणि त्यावर हक्क सांगता येतो. नसेल तर ते व्ह्यूज परक्याचे. छोट्या चॅनेलला ही सोय थेट मिळत नाही, डिस्ट्रिब्युटरमार्फत घ्यावी लागते. पण एक धोका: बीट फुकटच्या लूप पॅकमधून किंवा अनेकांना विकलेल्या परवान्यावर घेतला असेल, तर कंटेंट आयडी लावू नका. तोच बीट घेतलेल्या दुसऱ्या गायकांवर खोटे दावे लागतात, उलट तक्रार येते आणि आपलंच गाणं अडकतं.

सोलापुरात आणखी एक घोळ होतो तो भाषेचा. एकच चाल मराठीत, तेलुगूत आणि कन्नडमध्ये गाऊन घेतात, आणि गावाचा विचार करता ते शहाणपणाचंच आहे. पण ही तीन वेगळी ध्वनिमुद्रणं आहेत, त्यांचे आकडे चार्टवर एकत्र होत नाहीत. तिन्ही एकाच शुक्रवारी सोडली तर आपणच आपले श्रोते तीन ठिकाणी वाटतो. मराठी आधी, आणि तिचा चढ थांबला की पुढची.

विकत घेतलेले आकडे ओळखणं

स्टारचं असो की गल्लीतलं, जाहिरातीचा फुगा सारखाच. 2019 च्या जुलैमध्ये बादशाहच्या 'पागल' गाण्याला पहिल्या 24 तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचं जाहीर झालं, पण त्यात जाहिरातीतून आलेल्या व्ह्यूजचा वाटा असल्यावरून वाद झाला. त्याच सप्टेंबरपासून यूट्यूबने जाहिरातीचे व्ह्यूज म्युझिक चार्टमध्ये आणि 24 तासांच्या विक्रमांत धरणं बंद केलं. व्हिडिओखालच्या आकड्यात ते अजूनही दिसतात. 'आठ लाख व्ह्यूज आहेत, मग चार्टवर का नाही' याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. ट्रॅफिकच्या यादीत जाहिरातीचा वाटा बघा, तो वजा करा, उरेल ते आपलं.

'गॅरंटीने स्ट्रीम' देणारे त्याहून वाईट. लक्षणं ठरलेली: सगळे स्ट्रीम एकाच अनोळखी प्लेलिस्टमधून, सेव्ह जवळपास शून्य, आणि शहरांच्या यादीत सोलापूर, पुणे, अक्कलकोटऐवजी कुठलीतरी परदेशी नावं. स्पॉटिफाय असे स्ट्रीम वजा करतं, आणि 2024 पासून ढळढळीत प्रकरणात त्या ट्रॅकपोटी लेबलला किंवा डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं. तो दंड फिरून आपल्याच माथी येऊ शकतो, नाहीतर गाणं उतरवलं जातं. वर्षात 1000 स्ट्रीम न झालेल्या गाण्याला तिथे रॉयल्टीही नाही, हेही 2024 पासूनच. त्यामुळे 'हजार तरी करून घेऊ' म्हणून विकत घेणारे दोन्हीकडून जातात.

आता करायचं काय

आजार कळल्यावर गाणं उडवून नव्याने टाकू नका. व्ह्यूज, कमेंट्स, लोकांनी पुढे पाठवलेल्या लिंक, सगळं मरतं. डिस्ट्रिब्युटर बदलायचाच असेल तर तोच आयएसआरसी, तीच ऑडिओ फाइल आणि तेच शीर्षक घेऊन जा. नवीन जागी गाणं दिसायला लागल्यावरच जुन्या डिस्ट्रिब्युटरकडून काढा. मग स्ट्रीमचा आकडा सोबत येतो.

न पोहोचलेल्या पण सेव्ह जास्त असलेल्या गाण्याला पैसे लावा: लिरिक व्हिडिओ, बदललेलं थंबनेल, पुढच्या सणाचा मुहूर्त. न टिकलेल्या गाण्याची छोटी आवृत्ती नव्या आयएसआरसीने काढा, मूळ तसंच राहू द्या. माणशी 1.1 वर अडकलेल्या गाण्याला मात्र आणखी जाहिरात म्हणजे गळक्या टाकीत पाणी सोडणं. ते सोडा आणि पुढच्याकडे बघा.

न मोजलेल्या गाण्यासाठी पायपीट लागते. डॉल्बीवाल्यांना चांगली फाइल आपणच नेऊन द्या, फाइलच्या नावात गाणं आणि गायक दोन्ही लिहून. नाहीतरी ते वाजवणार आहेत, निदान नाव तरी बरोबर जाईल. मंडपात, हातगाडीवर, पाळण्याच्या तिकीट खिडकीवर यूट्यूबच्या लिंकचा क्यूआर कोड चिकटवा, तळहाताएवढा, कारण लहान कोड गर्दीत आणि धुळीत स्कॅन होत नाही. लेझीम पथकाच्या पोरांना आधीच अधिकृत ऑडिओची लिंक पाठवा आणि 'याच ऑडिओवर रील टाका' एवढंच सांगा. कॉलर ट्यूनची सोय डिस्ट्रिब्युटरकडून चालू करून घ्या. चार्टला तिचा उपयोग नाही, पण समोरच्याच्या कानात गाणं रोज जातं.

दोन आठवड्यांनी पुन्हा पन्नास रील मोजा. 'ओरिजिनल ऑडिओ'चा आकडा खाली आला असेल तर शीटमध्ये शोधातून येणारं ट्रॅफिक बघा, ते आधी हलतं. व्ह्यूज त्याच्या मागून येतात.